चांदीखाली तांबे दिसले म्हणून रोमन नाणे बनावट ठरत नाही

‘रोमन चांदीच्या नाण्याची झीज होऊन आत तांबे दिसू लागले, तर ते नाणे नकली समजावे’ हा समज जुना आहे. पहिल्या शतकातील नाण्यांबाबत त्यात तथ्य आहे, कारण त्या काळात खोटे नाणे पाडणारे तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवत असत. तिसऱ्या शतकाला मात्र तो नियम लावता येत नाही.

कॅराकॅला या सम्राटाने इ. स. 215 मध्ये किरणांचा मुकुट घातलेल्या मुखवट्याचे नवे चांदीचे नाणे काढले, तेव्हा त्यात साधारण निम्मी चांदी होती. पुढे युद्धांचा आणि सैन्याच्या पगाराचा भार वाढत गेला, तशी चांदी घटत गेली. इ. स. 270 च्या सुमारास ती शेकडा दोन-तीन भागांवर आली आणि सरकारी टांकसाळच तांब्याच्या नाण्यावर चांदीचा पातळ मुलामा देऊ लागली. सम्राट ऑरेलियनने 274 च्या सुमारास नाण्यांत सुधारणा केल्यावरही हे प्रमाण जेमतेम पाच टक्के होते. त्याच्या अनेक नाण्यांवर तळाशी एकविसाचा रोमन आकडा आढळतो आणि त्याचा अर्थ वीस भाग तांब्याला एक भाग चांदी असा बहुतेक अभ्यासक लावतात.

म्हणून पारख करताना आधी मुकुट व नाव पाहून काळ ठरवावा. त्यानंतर भिंगाने कड तपासावी: कडेभोवती साच्याच्या जोडाची रेघ असेल, तर नाणे ठशाने पाडलेले नसून ओतलेले असण्याचा संशय घ्यावा. उंचवट्यांवर, म्हणजे गालावर आणि केसांवर, मुलामा उडून तपकिरी धातू दिसणे हे या नाण्यांत नेहमीचेच आहे. तो उरलेला मुलामा कृपया घासून काढू नये.