बिनतारी एचडी: एका केबलची जागा घेताना काय काय सोडावं लागलं

एचडीएमआयचं पहिलं मानक डिसेंबर २००२मध्ये आलं आणि चित्र-आवाज दोन्ही एकाच केबलमध्ये गेले. ती केबल काढून टाकायची खटपटही त्यानंतर लगेच सुरू झाली, कारण टीव्ही भिंतीवर चढले आणि सेटटॉप बॉक्स खालीच राहिला. पण आधी एक हिशोब. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम). गुणाकार येतो सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट. केबलमधून प्रत्यक्षात ४.४५ गिगाबिट धावतात, कारण दर ८ बिटांमागे १० पाठवले जातात आणि चौकटींमधला रिकामा वेळही मोजला जातो. त्या काळचं नवं वाय-फाय कागदावर ५४ मेगाबिटचं होतं, हाताला निम्म्याहून कमी लागायचं. म्हणजे अंतर शंभरपटीहून जास्त.

पहिली आशा होती अल्ट्रावाइडबँडवर, म्हणजे खूप रुंद पट्ट्यावर अगदी कमी ताकदीने पाठवण्याच्या तंत्रावर. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २००२मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा केला, मात्र ताकदीवर इतकी कडक मर्यादा घातली की ४८० मेगाबिटचा वेग साधारण तीन मीटरपर्यंतच टिके. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाईपर्यंत तो बराच खाली यायचा.

मग लक्ष गेलं ६० गिगाहर्ट्झकडे. तिथे ५७ ते ६४ असा तब्बल सात गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना उपलब्ध होता. अडचण चिपची होती: या वारंवारतेची सर्किटं महागड्या गॅलियम आर्सेनाइडवरच बनायची. कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठातल्या संशोधकांनी ती साध्या १३० नॅनोमीटर सीमॉसमध्ये, म्हणजे नेहमीच्या स्वस्त सिलिकॉन चिपच्या तंत्रात, बनवून दाखवली, २००४मध्ये सायबीम ही कंपनी उभी राहिली आणि जानेवारी २००८मध्ये वायरलेसएचडीचं पहिलं मानक जाहीर झालं. कल्पना अशी की चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता), जसंच्या तसं पाठवायचं.

ऑक्सिजन ६० गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतो, म्हणून हे चालत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. शोषतो खरा, पण किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल (सिग्नलची घट मोजायचं एकक); दहा मीटरच्या खोलीत ते ०.१५ डेसिबल भरतं, म्हणजे नगण्य. खरा तोटा लहरीच्या लांबीमुळे. पाच मिलिमीटरच्या लहरीसाठीचा अँटेनाही तितकाच चिमुकला, त्याच्या हाती येणारी ऊर्जाही तेवढीच थोडी. दहा मीटरवर ५ गिगाहर्ट्झचा ऱ्हास ६६ डेसिबल, तर ६०चा ८८. ही २२ डेसिबलची तूट भरून काढायला चिपच्या आवरणावर डझनावारी अँटेना बसवून झोत वळवावा लागतो. मधून कोणी चहाचा ट्रे घेऊन गेलं की झोत शरीरावर अडतो. तेव्हा छतावरून किंवा भिंतीवरून परतणारी वाट शोधायची. ती मिळेपर्यंत पडदा क्षणभर काळा. शेजारच्या खोलीचा तर विषयच नाही.

इस्राएलच्या अमिमॉन कंपनीने उलटा विचार केला. ५ गिगाहर्ट्झ भिंत ओलांडतं, पण तिथे वाहिनी (चॅनल, म्हणजे पट्ट्याचा एक तुकडा) मिळते ४० मेगाहर्ट्झची. तेवढ्यात ३ गिगाबिट बसवायचे कसे? त्यांनी प्रत्येक बिटाला सारखं महत्त्व देणं सोडून दिलं. चित्राचा ढोबळ भाग भक्कम संरक्षणाने पाठवायचा, बारीक छटा जवळजवळ अॅनालॉगसारख्या सोडायच्या. सिग्नल कमकुवत झाला की चित्र चौकोनांत फुटत नाही, नुसती बारीक रेती दिसते. विलंब एक मिलिसेकंदाच्या आत, पल्ला तीसेक मीटर. डब्ल्यूएचडीआय नावाने हे मानक डिसेंबर २००९मध्ये आलं. तंत्र म्हणून आमच्या मते या सगळ्या मालिकेतलं हेच सर्वांत हुशार. घरात मात्र ते रुजलं नाही: दोन डबे, दोन अडॅप्टर आणि किंमत केबलच्या कितीतरी पट. ते टिकलं चित्रीकरणाच्या सेटवर, जिथे कॅमेऱ्याचं चित्र दिग्दर्शकाच्या मॉनिटरवर विलंबाशिवाय लागतं.

घरात जिंकलं दाबलेलं चित्र. एच.२६४ या चित्र दाबायच्या पद्धतीने तेच १०८०पी चित्र दहा-वीस मेगाबिटांत बसवलं. फोन-लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर पाठवायच्या सोयी यावरच उभ्या राहिल्या: इंटेलचं वायडाय २०१०चं, त्याच वर्षी अॅपलचं एअरप्ले, २०१२मध्ये मिराकास्ट. बदल्यात विलंब: आधी चित्र दाबायचं, मग साठवायचं, मग उलगडायचं, यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. सिनेमाला चालतं, गेमला नाही.

मिराकास्ट अडखळण्याचं नेहमीचं कारण वेगळंच असतं. फोन राउटरला एका वाहिनीवर आणि टीव्हीला दुसऱ्याच वाहिनीवर जोडलेला असतो. रेडिओ एकच, तो दोन्हीकडे पळतो. राउटरचं वाय-फाय तात्पुरतं तोडून पाहा. फरक पडला तर कारण सापडलं.

जुलै २०१३मध्ये गूगलचं ३५ डॉलरचं क्रोमकास्ट हे टीव्हीला खोचायचं डोंगल आलं आणि प्रश्नच बदलला. फोन चित्र पाठवतच नाही, फक्त व्हिडिओचा इंटरनेटवरचा पत्ता सांगतो. प्रवाह डोंगल स्वतः इंटरनेटवरून ओढतं. म्हणूनच गेस्ट नेटवर्कवर किंवा हॉटेलात ते सापडत नाही: तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलायची मनाई असते. फोनचा अख्खा पडदा दाखवायला गेलं की मात्र पुन्हा मिराकास्टसारखाच विलंब.

आवाजाला वेग कमी लागतो, पण वेळेची शिस्त कडक. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज चित्राआधी ४५ किंवा नंतर १२५ मिलिसेकंद सरकला की प्रेक्षकाला कळतो. साधा ब्लूटूथ ही सीमा बरेचदा ओलांडतो. टीव्हीच्या सेटिंगमधला ऑडिओ डिले तिथे उपयोगी नाही, कारण तो आवाज आणखी मागे ढकलतो. उशीर चित्राला करावा लागतो.

भारतात ५ गिगाहर्ट्झचे ६०५ मेगाहर्ट्झ २०१८मध्ये विनापरवाना झाले, पण त्यातला मोठा हिस्सा रडारशी वाटून घ्यावा लागतो. तिथे वाहिनी घेण्याआधी उपकरण मिनिटभर कान देऊन बसतं, आणि रडार जाणवलं तर वाहिनी सोडून जातं. चित्र मध्येच तुटण्यामागे कधीकधी हेही असतं.

न दाबता किंवा अगदी थोडं दाबून पाठवायची कल्पना २०२३मध्ये परतली. एलजीने ९७ इंची ओएलईडीला ४के, १२० हर्ट्झ चित्र दहा मीटरपर्यंत पाठवणारा वेगळा डबा दिला. तो टीव्हीसमोर, मोकळ्या रेषेत ठेवायचा. लाकडी कपाटात नाही, धातूच्या जाळीमागे तर मुळीच नाही. भिंतीवरच्या टीव्हीला विजेची वायर लागतेच.