नेटवर्क टोपोलॉजी नकाशा

संगणक नेटवर्कमधील राउटर, स्विच, सर्व्हर अशी उपकरणे बिंदूंनी आणि त्यांच्यातील जोडण्या रेषांनी दाखवणारी आकृती. भूगोलाच्या नकाशात अंतर महत्त्वाचे. इथे कोण कोणाला जोडलेले आहे, एवढेच पाहायचे असते. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेट या नेटवर्कचा डिसेंबर १९६९ मधील नकाशा चार वर्तुळांत मावला होता. त्यातले युटा विद्यापीठ फक्त स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटला जोडलेले होते. तो एक दुवा तुटला की युटा एकटे पडणार, हे चित्र पाहताक्षणी कळते. जोडण्यांच्या तक्त्यात मात्र तेच शोधावे लागते.

आज नकाशा बहुधा सॉफ्टवेअरच काढते. एलएलडीपी हा प्रोटोकॉल चालू असलेला स्विच ठरावीक वेळाने आपले नाव आणि पोर्ट (केबल जोडायची खाच) लगतच्या उपकरणाला कळवतो. शेजाऱ्यांच्या या नोंदी एसएनएमपीने (उपकरणांकडून माहिती मागवण्याचा प्रोटोकॉल) गोळा केल्या की रेषा जुळत जातात. आपल्या ताब्याबाहेरच्या नेटवर्कात ट्रेसराउट हे वाट शोधणारे साधन वापरतात. पाकिटाचा (डेटाच्या तुकड्याचा) टीटीएल, म्हणजे प्रत्येक राउटरवर एकाने घटणारा आकडा, सुरुवातीला १, २, ३ असा वाढवत नेला, की ज्या राउटरवर तो संपतो तो उलट निरोप धाडतो. काही राउटर गप्प राहतात आणि तिथे नुसत्या चांदण्या (*) उमटतात. म्हणजे नकाशात येते ते उत्तर देणारे नेटवर्क. टेबलाखाली कोणीतरी लावून ठेवलेला साधा स्विच त्यात दिसतच नाही. एकाच पोर्टमागे आठ-दहा मॅक पत्ते (उपकरणांचे हार्डवेअर पत्ते) आढळले, की त्याचा संशय घ्यावा.

भौतिक आणि तार्किक नकाशांची गल्लत करू नये. तीन स्विच एकमेकांना त्रिकोणात जोडले, तर भौतिक नकाशात तिन्ही केबल असतात. पण फ्रेम (स्विचमधून जाणारे डेटाचे तुकडे) गोल फिरत राहू नयेत म्हणून स्पॅनिंग ट्री हा प्रोटोकॉल एक दुवा रोखून धरतो, त्यामुळे तार्किक नकाशात दोनच रेषा उरतात. बिघाड शोधताना हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवावेत.

बिंदू शेकड्यांत गेले की चित्राचा गुंता होतो. मग इमारत किंवा व्हीलॅननुसार (एकाच नेटवर्कचे तार्किक विभाग) गट मिटून ठेवतात आणि हवा तेवढाच उघडून पाहतात. आपोआप मांडणीत दर वेळी बिंदूंच्या जागा बदलतात, हा मोठाच वैताग; कालचा कोर (मध्यवर्ती) स्विच आज भलत्याच कोपऱ्यात सापडतो. म्हणून मुरलेले प्रशासक मुख्य उपकरणे हाताने एका जागी पक्की करतात.