सापाचा घास आणि पाळणाऱ्याची घाई

बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या अजगराची झडप डोळ्यांना नीट दिसत नाही. चिमट्याच्या टोकाला उंदीर असतो, सापाची मान नागमोडी दुमडलेली असते आणि पापणी लवायच्या आत उंदराभोवती विळखा पडलेला असतो. पुढचं सगळं मात्र संथ चालतं. बराच वेळ काहीच हलत नाही. मग विळखा जरासा सैल होतो, जीभ आत-बाहेर होऊ लागते, साप उंदराच्या अंगावरून तोंड फिरवत त्याचं डोकं शोधतो आणि बहुधा तिथूनच गिळायला घेतो. डोक्याकडून गिळलं की पाय आणि केस मागे दुमडत जातात, घशात अडत नाहीत.

गिळताना सापाचा जबडा निखळतो असं अनेकांना वाटतं. तसं काही होत नाही. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन्ही भाग हनुवटीपाशी हाडाने जोडलेलेच नसतात, तिथे ताणला जाणारा लवचिक दुवा असतो. शिवाय टाळूवरच्या दातांच्या रांगा डावी-उजवी आलटूनपालटून पुढे सरकतात, त्यामुळे साप भक्ष्य आत ओढण्यापेक्षा स्वतःच त्याच्यावरून पुढे चालत जातो. तोंड असं गच्च भरलेलं असताना श्वासनळीचं तोंड खालच्या जबड्यावरून नळीसारखं पुढे येतं आणि श्वास चालू राहतो.

हा वेळ सापासाठी मोठ्या जोखमीचा असतो. तोंडात घास असताना त्याला चावता येत नाही आणि झटकन पळताही येत नाही. म्हणून या वेळी जवळून सावली गेली, काचेवर टकटक झाली, कुणी फोटोसाठी दिवा लावला, तर तो अर्धा गिळलेला घासही बाहेर टाकून देतो. सापाला खायला घालण्याचं कौशल्य चिमटा कसा धरायचा यात थोडं असतं. खाण्याआधी, खाताना आणि खाल्ल्यानंतर आपण किती कमी ढवळाढवळ करतो यात ते जास्त असतं. पाळणाऱ्याच्या घाईने सापांचे जेवढे हाल होतात तेवढे त्याच्या आळसाने होत नसावेत, असं माझं मत आहे.

या मताला आधार सापाच्या पोटात सापडतो. स्टीफन सेकोर आणि जॅरेड डायमंड या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात बर्मी अजगरांचा बारकाईने अभ्यास केला. महिनाभर उपाशी असलेल्या अजगराचं आतडं आक्रसलेलं असतं, जठरात आम्ल जवळपास नसतंच. पोटात घास पडला की एक-दोन दिवसांत आतड्याचं वजन सुमारे दुप्पट होतं आणि जठरातला द्रव अत्यंत आम्लधर्मी होतो. घास फार मोठा असेल तर शरीराचा ऑक्सिजनचा वापर ४० पटींहूनही वर जातो. पुढे २००५ मध्ये दुसऱ्या एका संशोधनात दिसलं की अजगराच्या हृदयाच्या स्नायूचं वजनही ४८ तासांत सुमारे ४० टक्के वाढतं. पचन आटोपलं की हा सगळा पसारा पुन्हा आवरला जातो. कॉर्न स्नेकसारख्या वरचेवर खाणाऱ्या सापांत हा चढउतार इतका टोकाचा नसतो, पण त्यांनाही घास पचवणं हे मोठंच काम असतं.

या कामाला लागणारी ऊब सापाच्या शरीरात तयार होत नाही, ती बाहेरून मिळवावी लागते. बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस तापमान हवं, कॉर्न स्नेकला २९ ते ३१ अंश पुरतं. दुसरं टोक काही अंशांनी थंड हवं, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलतो. उबेच्या साधनाला तापमान आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट जोडलेला असलाच पाहिजे, नाहीतर पोट भाजलेले साप पशुवैद्याकडे न्यावे लागतात. ऊब कमी पडली तर घास पोटात नुसता पडून राहतो, कुजू लागतो आणि अखेर साप तो ओकतो.

सापाचं ओकणं मांजराच्या ओकण्यासारखं किरकोळ नसतं. घासाबरोबर पाचक रस जातात, आम्लाने अन्ननलिका पोळते, शरीरातलं पाणी कमी होतं. लगेच दुसरा उंदीर पुढे केला तर तोही बाहेर येण्याचीच शक्यता जास्त. दहा ते चौदा दिवस काहीही न देता फक्त स्वच्छ पाणी ठेवावं, पेटीचं तापमान तपासावं आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा घास द्यावा. पुन्हा तसंच झालं तर पशुवैद्य गाठावा. ओकण्याची नेहमीची कारणं तीन: ऊब कमी, घास मोठा आणि खाल्ल्यावर सापाला हाताळणं. म्हणून घास गिळल्यावर किमान ४८ तास सापाला उचलू नये. पोटात फुगवटा दिसत असेल तर तो दिसेनासा होईपर्यंत थांबणं आणखी चांगलं.

आता भक्ष्य. जिवंत की मेलेलं, हा प्रश्न निघाला की कुणीतरी म्हणतंच, निसर्गात साप जिवंतच खातो. खरं आहे, पण निसर्गात उंदराला पळायला जागा असते आणि सापाला नको असेल तर निघून जाता येतं. बंद पेटीत दोघेही अडकलेले असतात. भूक नसलेल्या सापाजवळ उंदीर रात्रभर राहिला तर तो सापाला कुरतडतो. पाठीवर हाड दिसेपर्यंत झालेल्या जखमा आणि गेलेले डोळे हे पशुवैद्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. शिवाय त्या उंदराचे हाल होतात ते वेगळेच. वेदना न होऊ देता मारलेलं आणि गोठवलेलं भक्ष्य हेच दोघांच्याही हिताचं आहे, आणि बहुतेक पाळीव साप ते आनंदाने घेतात.

गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावा. दुसऱ्या दिवशी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडावा. मग पोट बोटांनी हलकेच दाबून पाहावं. आत थंड, कडक गाठ लागली तर अजून वेळ आहे. मायक्रोवेव्ह वापरू नये, त्याने काही भाग शिजतो, काही बर्फच राहतो आणि उंदीर फुटूही शकतो. उकळतं पाणीही नको. बाहेर काढल्यावर कापडाने कोरडा करावा आणि देण्याआधी डोकं पुन्हा थोडं गरम करावं. हाताला स्पष्ट उबदार लागलं पाहिजे, जिवंत उंदराच्या अंगाइतकं किंवा किंचित जास्त.

डोकंच का? बॉल पायथनच्या वरच्या ओठाच्या कडेला बारीक खळग्यांची रांग दिसते. हे खळगे उष्णता टिपतात. त्यामागे ‘टीआरपीए१’ नावाचं प्रथिन असल्याचं २०१० मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदनेवरील संशोधनासाठी २०२१ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, तेच हे ज्युलियस. अंधारात बॉल पायथनला उंदीर म्हणजे थंड पार्श्वभूमीवरचा उबदार ठिपका असतो. थंड उंदीर त्याला वासाने कळेलही, पण झडप कुठे घालायची ते कळणार नाही. कॉर्न स्नेकला असे खळगे नसतात. तो वासावर आणि हालचालीवर अधिक अवलंबून असतो, त्यामुळे जेमतेम कोमट उंदीरही तो बहुधा घेतो.

विळख्याबद्दलही एक सुंदर प्रयोग आहे. स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या उंदरांत कृत्रिम, धडधडणारी हृदयं बसवून ते बोआ या विळखा घालणाऱ्या सापांना दिले. निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. धडधड जाणवत असेपर्यंत बोआ विळखा आवळत राहिले, धडधड नसलेल्या उंदरांना त्यांनी लवकर सोडलं. २०१५ मध्ये याच गटाने मोजून दाखवलं की विळखा पडल्यावर ६ सेकंदांत उंदराचा रक्तदाब निम्म्यावर येतो. म्हणजे भक्ष्य गुदमरण्याआधी त्याचं रक्ताभिसरण थांबतं. पाळणाऱ्याच्या दृष्टीने यातून निघतं ते एवढंच: मेलेला उंदीर सापाने पटकन सोडून दिला तर घाबरू नये. चिमट्याने शेपटी एक-दोनदा हलवावी, साप पुन्हा आवळतो. मग चिमटा मागे घ्यावा आणि पेटीपासून दूर व्हावं.

चिमटा लांब हवा, फूटभर तरी. हाताला उंदराचा वास असेल तर हाताची ऊबच सापाला घास वाटते. साप चावलाच तर हात ओढू नये. त्याचे दात मागे वळलेले असतात, ओढल्याने आपली कातडी फाटते आणि त्याचे दात तुटतात. बहुतेकदा तो क्षणात सोडतो. नाहीच सोडलं तर त्याच्या तोंडावर थंड पाण्याची धार सोडावी.

पेटीतच खायला दिलं तर साप दर वेळी हातावरच येईल, म्हणून त्याला वेगळ्या डब्यात नेऊन खाऊ घालावं, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. मला तो पटत नाही. लपून दबा धरणाऱ्या प्राण्याला उघड्या, अनोळखी डब्यात टाकलं की तो आधी निसटायची वाट शोधतो, आणि खाल्लंच तर भरल्या पोटी त्याला उचलून परत आणावं लागतं. त्यापेक्षा पेटीतच द्यावं. इतर दिवशी हात घालण्याआधी कागदाच्या सुरळीने किंवा हुकने त्याच्या अंगाला हलका स्पर्श करावा. काही आठवड्यांत साप शिकतो की असा स्पर्श झाला म्हणजे आज खाणं नाही. एका पेटीत दोन साप मात्र एकत्र कधीच खाऊ घालू नयेत. एकच उंदीर दोन टोकांनी गिळत गेले तर एक साप दुसऱ्यालाही गिळू शकतो, आणि किंग स्नेकचं तर साप हे नेहमीचंच खाद्य.

घास केवढा? सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकाच, किंवा किंचित जास्त. पिल्लांना पाच-सात दिवसांनी, वाढ झालेल्या कॉर्न स्नेकला दहा-चौदा दिवसांनी, प्रौढ बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांनी. सापाने मागितलं म्हणून देत गेलं की तो लठ्ठ होतो आणि यकृतात चरबी साठते. बेडूक-मासे खाणाऱ्या गार्टर स्नेकची एक गोष्ट मात्र जपावी लागते. गोल्डफिशसारख्या काही माशांत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट करणारं विकर असतं. सतत तेच मासे दिले तर सापाला झटके येऊ लागतात.

गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावं. उंदरासाठीचं भांडं आणि चिमटा वेगळे ठेवावेत, स्वयंपाकाच्या ओट्यावर ते काम करू नये, हात साबणाने धुवावेत. पाच वर्षांखालच्या मुलांना यापासून दूर ठेवावं.

आणि साप खातच नसेल तर? इथेच जीव सर्वांत जास्त टांगणीला लागतो. प्रौढ बॉल पायथन थंडीत किंवा प्रजननाच्या हंगामात महिनोन्‌महिने उपवास करतो. डोळे निळसर-धुरकट झाले असतील तर कात टाकायची वेळ आली आहे, तेव्हा बरेच साप तोंड फिरवतात. नवीन घरी आणलेल्या सापाला निदान आठवडाभर हातही लावू नये. यातलं काही नसेल तर आधी पेटी पाहावी: ऊब बरोबर आहे का, अंग चहूबाजूंनी टेकेल अशी अरुंद लपायची जागा दोन्ही टोकांना आहे का, पेटी माणसांच्या वर्दळीत तर नाही. मग अंधार पडल्यावर, लपण्याच्या तोंडाशी, उबदार उंदीर धरून पाहावा. घेतला नाही तर तो तिथेच ठेवून पेटी झाकावी आणि सकाळी उचलून टाकावा. दुसऱ्याच दिवशी पुन्हा प्रयत्न करू नये, आठवडाभर जाऊ द्यावा.

वास बदलल्यानेही काम होतं. गॉर्डन बर्गहार्ट यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं की कधीच काही न खाल्लेली गार्टर स्नेकची पिल्लंसुद्धा आपल्या जातीच्या भक्ष्याचा वास ओळखतात आणि त्या वासाच्या बोळ्यावर झडप घालतात. हॉगनोज साप निसर्गात मुख्यतः भेक (खरबरीत कातडीचे बेडूक) खातो, त्यामुळे उंदीर त्याला बरेचदा खाणं वाटतच नाही. उंदराला बेडकाचा किंवा माशाचा वास लावला की हट्टी पिल्लूही पुष्कळदा तोंड उघडतं. जबरदस्तीने घशात घास कोंबणं मात्र घरी करू नये, त्यात तोंडाला आणि अन्ननलिकेला इजा होते.

एक वही ठेवावी. घासाची तारीख, उंदराचं वजन, सापाचं वजन, कात कधी टाकली, विष्ठा कधी झाली, एवढं लिहिलं तरी पुरे. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा नको, सापासाठी वेगळा घ्यावा. तीन महिने न खाता वजन टिकून असेल तर प्रौढ बॉल पायथन बहुधा ठीक आहे. वजन दहा टक्क्यांनी उतरलं, तोंडात चिकट लाळ दिसली, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, किंवा पिल्लू असूनही काही आठवडे खाल्लं नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावं. जाताना ती वही आणि पेटीच्या दोन्ही टोकांचं तापमान लिहून न्यावं, कारण पहिला प्रश्न बहुतेक तोच असतो.