टॉवर, किरणे आणि थायरॉइड

मोबाईल टॉवरमुळे थायरॉइड ही गळ्यातील ग्रंथी बिघडते, असा समज सांगलीच्या आसपास अनेक वर्षे पसरलेला आहे. त्याला ठोस पुरावा नाही, कारण टॉवरच्या रेडिओलहरींत अणूतील इलेक्ट्रॉन सुटा करण्याइतकी ऊर्जाच नसते. खरा धोका असे इलेक्ट्रॉन सुटे करणाऱ्या, म्हणजे आयनकारी, किरणांचा, आणि तोही बालवयात अधिक: १९८६ च्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रातील अपघातानंतर किरणोत्सारी आयोडीन-१३१ गवतावर पडले, गाईंच्या दुधात उतरले, ते दूध प्यायलेल्या मुलांच्या ग्रंथीत साचले आणि पुढे त्यांच्यात थायरॉइडच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले. टॉवरला दोष देत तपासणी लांबवली जाते, याचे मला फार वाईट वाटते. गळ्याला सूज किंवा सततचा थकवा असल्यास डॉक्टरांना दाखवून टीएसएचची (थायरॉइडचे काम नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकाची) रक्ततपासणी करावी. थायरॉइडला साधे, किरणोत्सारी नसलेले आयोडीन लागतेच, म्हणून स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे.