चहा परत आणण्याआधी एवढं वाचा

आठवड्यातून दोनदा तरी आम्हाला हा फोन येतो.

"अहो, तुमचा सेंचा कडू आहे. पाकीट जुनं दिसतंय."

"पाणी कसं घेतलं होतंत?"

"उकळतं! चहाला उकळतंच पाणी घेणार ना?"

सगळा घोटाळा तिथेच आहे. सेंचा म्हणजे जपानचा हिरवा चहा, त्याला उकळतं पाणी चालत नाही. हे पत्रक त्या एका फोनपायी छापलं आहे, बाकीचं ओघात आलं. जपानी चहा-मिठाईचं दुकान सुरू केलं त्या वर्षी आम्ही निमूटपणे पाकीट बदलून द्यायचो. बदललेलंही कडूच लागायचं, कारण घरचं पातेलं तेच आणि सवयही तीच. आता फोडलेलं पाकीट आम्ही परत घेत नाही. त्याऐवजी तुमच्यासमोर, तुमच्याच पाकिटातला चहा करून दाखवतो. यात आमची वीस मिनिटं जातात, तुमचीही जातात. ती दोघांची वाचावीत म्हणून खालचं वाचा.

आसामचा चहा आणि जपानचा चहा एकाच जातीच्या झाडाचे. फरक पान खुडल्यानंतर पडतो. आपल्या रोजच्या चहाचं पान चुरडून हवेवर काळं होऊ देतात. त्याचे दाणे दूध, साखर, आलं आणि दोन उकळ्या सहन करायलाच बनवलेले असतात. सेंचाचं पान मात्र खुडल्याबरोबर वाफेवर धरतात. मग ते काळं पडत नाही, हिरवंच राहतं. पुढे गरम हवेत मळत मळत त्याची सुईसारखी बारीक गुंडाळी करून वाळवतात. क्योटोकडच्या उजी या चहाच्या गावाजवळच्या नागातानी सोएन या शेतकऱ्याने 1738 साली ही रीत बसवली असं मानतात, आणि जपानात घरोघरी पितात तो चहा आजही याच वळणाचा आहे.

म्हणजे तुमच्या हातात येतं ते आधीच एकदा वाफवलेलं कोवळं पान. कोथिंबीर आमटीत घालून आमटी पुन्हा रटरटत ठेवतं का कोणी? तसंच हे. पानातला गोडसर, जिभेवर रेंगाळणारा भाग थियानिन नावाच्या घटकामुळे येतो आणि तो कोमट म्हणावं अशा पाण्यातही सहज उतरतो. तुरटपणा कॅटेचिन या दुसऱ्या घटकाचा आणि कडवटपणा बराचसा कॅफिनचा. या दोघांना गरम पाणी लागतं. उकळतं पाणी ओतलंत की ते दोघे धावत बाहेर येतात आणि गोडव्याला बोलूच देत नाहीत. चहा खराब नसतो. तुम्ही त्यातलं नको ते आधी काढलेलं असतं.

पाणी कसं घ्यायचं

पाणी एकदा खळखळून उकळा आणि गॅस बंद करा. ते रिकाम्या कपात ओता, त्या कपातून दुसऱ्या कपात ओता, आणि मगच पानांवर घाला. एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतलं की साधारण 10 अंश उतरतात. पुण्याच्या उंचीवर पाणी 98 अंशांनाच उकळतं, त्यामुळे दोनदा ओतलं की 80 च्या जरा खाली येतं. सेंचाला 70 ते 80 हवं. थर्मामीटर आम्ही विकतो, पण त्याची गरज नाही. कप तळहातात नीट धरता आला की पाणी झालं.

दोघांना साधारण 5 ग्रॅम पान, म्हणजे दोन छोटे चमचे, आणि 160 ते 180 मिली पाणी पुरतं. एवढासाच चहा? हो, एवढासाच. मोठा मग भरायचा असेल तर पुढे होजिचाबद्दल लिहिलंय ते बघा. एक मिनिट झाकून ठेवा. ढवळू नका, चमच्याने दाबू नका. मग दोन्ही कपांत आलटूनपालटून थोडा थोडा ओता, नाहीतर पहिल्याला पाणी मिळतं आणि दुसऱ्याला काढा. शेवटचा थेंबही ओता. पान पाण्यात बसून राहिलं तर दुसऱ्या वेळचा चहा बिघडतो. तेच पान दोनदा-तीनदा चालतं. दुसऱ्या वेळेला पाणी थोडं जास्त गरम घ्या आणि पंधरा सेकंदांत ओतून टाका.

मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त गृहस्थ रबरबँड लावलेलं पाकीट स्टीलच्या डब्यात घालून परत घेऊन आले होते. डब्यावर तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी. आम्ही त्यांच्याच पाकिटातला चहा वरच्या पद्धतीने करून दिला. त्यांनी घोट घेतला, कप खाली ठेवला, परत उचलला. "हां. आता पालेभाजीच्या पाण्यासारखा लागतोय," म्हणाले. ही तक्रार होती की दाद, ते आम्हाला लगेच कळलं नाही. कप मात्र रिकामा करून गेले. सेंचा त्यांनी पुन्हा नेला नाही. दर महिन्याला होजिचा नेतात.

तर होजिचा. हे भाजलेलं पान. भाजल्यामुळे कडूपणाची धार गेलेली असते, म्हणून याला उकळतंच पाणी घाला. गेनमाइचात भाजलेले तांदूळ असतात, त्यालाही उकळतं चालतं. ज्यांना पाणी निववत बसायचा कंटाळा आहे त्यांनी सरळ होजिचाच न्यावा. तो स्वस्तही आहे आणि त्यात दूध घातलं तरी आम्ही काही बोलत नाही. सेंचात दूध घालणाऱ्यांना मात्र बोलतो. ग्योकुरो मुद्दाम सावलीत वाढवलेला असतो, त्याला 50 ते 60 अंशच. मात्चा म्हणजे पानाची दळलेली पूड, ती पाण्यात घोटून पितात, तिला 80 च्या आसपास. (हो, मात्चा. आमच्याकडे येणारी जपानी शिकणारी मुलं "मॅचा" म्हणणाऱ्याकडे जरा रोखून बघतात.)

एवढं करूनही चहा मचूळ लागला तर पाणी तपासा. जपानातलं पाणी मऊ आहे. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात हा चहा मेल्यासारखा होतो. आणि पाकीट मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका. एका घरातून परत आलेल्या सेंचाला हिंगाचा वास होता, तो काही उजीहून आलेला नव्हता. न फोडलेलं पाकीट फ्रिजमध्ये चालेल, पण बाहेर काढल्यावर खोलीच्या हवेला आल्यावरच फोडा, नाहीतर आत दव धरतं. फोडल्यावर घट्ट बंद करून महिनाभरात संपवा.

गोड आधी, चहा नंतर

दुसरी चूक कमी महाग आहे, पण आम्हाला तीच जास्त टोचते. आपल्याला चहात खारी बुडवायची सवय. जपानात चहाच्या बैठकीत गोड पदार्थ आधी येतो आणि चहाचा वाडगा हातात येईपर्यंत तो संपवायचा असतो. तोंडात गोडी पसरलेली असते, त्यावर चहा येतो. म्हणून मात्चात साखर घालत नाहीत. साखर आधीच खाऊन झालेली असते. दाट मात्चाच्या आधी ओलसर, भरीव मिठाई, आणि पातळ, फेसाळ मात्चाच्या आधी सुकी. बैठकीची बाकी शिस्त घरी पाळायची गरज नाही, हा क्रम मात्र पाळून बघा. आमच्याकडे मात्चाबरोबर एक सुकी वडी फुकट देतो ती यासाठीच.

मिठाईबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला: अंडं आहे का? दोरायाकी आणि कास्तेरा यांत आहे, त्या आम्ही वेगळ्या काचेत ठेवतो. बाकीच्यांत अंडं नाही, दूधतूप नाही, जिलेटिनही नाही. योकान, म्हणजे कडधान्याच्या गोड सारणाची वडी, कान्तेनने बसवलेली असते. कान्तेन म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून केलेलं, आपल्या चायना ग्रासचं भावंड.

पण गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी योकानचं खोकं हातात घेऊन काउंटरवर आली आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाली, "काका, यावर मेंढी का लिहिलीय?" बरोबर वाचलं होतं तिनं. योकान हा शब्द चीनमधून आला आणि तिकडे त्याचा अर्थ मेंढीच्या मांसाचा रस्सा. जपानातल्या झेन मठांमधले भिक्षू मांस खात नसत, त्यांनी मांसाच्या जागी कडधान्यं घातली. पुढे रस्सा गेला, साखर आली, कान्तेन आलं. अक्षर तेवढं राहिलं. तेव्हा जपानी वाचता येणाऱ्या शाकाहारी मंडळींनी घाबरू नये.

या मिठायांतलं सारण म्हणजे 'आन'. ते चाखून लोक हमखास म्हणतात, "अरे, हे तर पुरण!" हो, जवळपास. हरभरा डाळीऐवजी अझुकी, म्हणजे मुगाच्या आणि चवळीच्या कुळातलं लाल कडधान्य, आणि गुळाऐवजी साखर. शिजवायचं, वाटायचं, साखर घालून कडेने सुटेपर्यंत घोटायचं. साली गाळून काढल्या तर ते कोशिआन, पुरणयंत्रातून काढल्यासारखं. दाणे ठेवले तर त्सुबुआन. फरक पाण्यात आहे. डाळीच्या पाण्याची आपण कटाची आमटी करतो, अझुकीचं पहिलं पाणी मात्र ओतून द्यायचं असतं, नाहीतर तुरटपणा राहतो. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा सवयीने ते पाणी ठेवलं आणि आमटी केली. त्याबद्दल घरात अजून बोललं जातं.

कोन्पेइतो या साखरेच्या काटेरी दाण्यांची बाटली तर बहुतेक जण संक्रांतीचा हलवा समजून उचलतात. तोच काटा, तसाच रंग. रीतही तशीच: पूर्वी मध्ये खसखस किंवा तीळ असायचा, आता साखरेचा कण असतो. तिरक्या, गरम, फिरत्या कढईत त्यावर थोडा थोडा पाक सोडत राहायचा. दाणा पुरता वाढायला दोन आठवडे लागतात. शब्द पोर्तुगीज 'कॉन्फेइतो' वरून आला. लुईश फ्रॉइश नावाच्या पाद्र्याने 1569 साली क्योटोत ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या कुपीतून ही मिठाई भेट दिली. हा फ्रॉइश जपानला जाण्याआधी बरीच वर्षं गोव्यात होता, पाद्री झाला तोही तिथेच. गोव्याच्या गिऱ्हाइकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. बाटली सहसा खपते.

उपवासाला काय चालतं, हेही विचारतात. तांदूळ आणि कडधान्य असलेलं काहीच चालणार नाही. कोन्पेइतो नुसती साखर आहे, पुढचा निर्णय तुमच्या घरातल्या मोठ्यांचा.

आमच्या काही अटी, आणि त्या का

नेरिकिरी आणि दाइफुकु या ताज्या, मऊ मिठाया आम्ही फक्त शनिवारी, मागणीप्रमाणे करतो. त्यात चिकट तांदळाचं पीठ असतं. फ्रिजमध्ये ठेवलंत की रात्रीच्या भातासारखं टरटरीत होतं आणि मग "तुमची मिठाई दगड आहे" असा फोन येतो. सकाळचे उकडीचे मोदक तुम्ही दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना वाढत नाही, तोच न्याय इथे. म्हणून मुंबई-नाशिकला ही मिठाई कुरिअर करत नाही. कितीही आग्रह झाला तरी नाही. योकान आणि सुक्या वड्या हव्या तिथे पाठवतो, त्या टिकतात.

भाव जास्त वाटतो, मान्य. आमचा सेंचा पहिल्या खुडणीचा असतो. जपानात वसंताच्या पारंपरिक पहिल्या दिवसापासून 88 वी रात्र मोजतात, ती 2 मेच्या सुमारास येते, आणि त्या सुमाराची कोवळी पानं वर्षातली सर्वांत गोड. मात्चाचं झाड खुडण्याआधी तीन आठवडे झाकून ठेवतात आणि दगडी जातं तासाला जेमतेम 40 ग्रॅम दळतं. त्यात जगभर मात्चाची ओढ अशी वाढली की क्योटोतल्या जुन्या पेढ्यांनीच 2024 च्या अखेरीस गिऱ्हाइकांना मर्यादा घातल्या. आमचाही माल कधी महिनाभर उशिरा येतो. पाकिटावर आम्ही 'सेरेमोनियल ग्रेड' (म्हणजे चहाच्या बैठकीच्या दर्जाचा) छापत नाही, कारण असा दर्जा ठरवणारा कायदा जपानात नाही. प्यायचा कोणता आणि दुधात घालायचा कोणता, ते तोंडी सांगतो. दुधात घालायला महागडा मागाल तर देणार नाही असं नाही, पण आधी एकदा विचारू.

आडव्या मुठीची किटली, म्हणजे क्यूसु, ठेवली आहे. जपानातल्या तोकोनामे गावची, लाल मातीची आहे, हातात छान बसते. पण घरच्या झाकणाच्या भांड्यात आणि बारीक गाळण्यातही चहा तोच होतो. पहिले तीन महिने तसाच करा, मग किटली बघा.

अधूनमधून सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात फिरून थेट आमच्याकडे येणारी मंडळी असतात. ते उद्यान जपानातल्या ओकायामा शहराच्या ज्या कोराकुएन बागेवरून केलं आहे, त्या बागेत छोटासा चहाचा मळाही आहे. आपल्या उद्यानात मळा नाही. तो फेरफटका झाल्यावर चहा हवा असेल तर दुकान संध्याकाळी आठपर्यंत उघडं असतं.

शनिवारच्या मिठाईची मागणी गुरुवार संध्याकाळपर्यंत नोंदवा. आणि चहा अजूनही कडूच लागत असेल तर पाकिटाबरोबर घरच्या पिण्याच्या पाण्याची एक बाटली भरून आणा. आम्ही त्याच पाण्यात करून बघू.