सत्तर टक्के आणि नव्वद टक्के यांच्या मधले यकृत

यकृत कापले तरी पालीच्या शेपटीसारखे पुन्हा उगवते, असे अवयवदानाच्या चर्चेत हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. कापलेला खंड परत येत नाही, तर उरलेल्या खंडांतील पेशी विभागतात, ते खंड मोठे होतात आणि एकूण वजन भरून निघते. ही भरपाई वेळेत झाली नाही, तर शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही रुग्ण दगावू शकतो. पाचव्या दिवशी किंवा त्यानंतर रक्तातील बिलिरुबिन (कावीळ आणणारे पिवळे द्रव्य) आणि रक्त गोठण्याचा वेळ दर्शवणारा आयएनआर हे दोन्ही वाढलेले असतील, तर त्याला शस्त्रक्रियेनंतरचे यकृत-अपयश म्हणावे, अशी व्याख्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०११ साली केली.

या अपयशाचा अभ्यास बहुतांशी उंदरांवर होतो. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी पांढऱ्या उंदराच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे जवळपास सत्तर टक्के भाग काढण्याची पद्धत वर्णन केली. उंदराच्या यकृताचे खंड सुटे असतात, त्यामुळे मधल्या आणि डाव्या खंडाच्या देठाशी दोरा बांधून ते फारसा रक्तस्राव न होता काढता येतात. निरोगी तरुण उंदीर ही तूट आठ-दहा दिवसांत भरून काढतो. म्हणजे हे प्रारूप पुनर्निर्मितीचे झाले, अपयशाचे नव्हे. अपयश पाहायचे तर नव्वद टक्के यकृत काढावे लागते, आणि तिथे एक फसगत दडलेली आहे: पिण्याच्या पाण्यात ग्लुकोज दिले नाही, तर उंदीर रक्तातील साखर घसरून आधीच मरतो आणि संशोधक वेगळ्याच मृत्यूचा अभ्यास करत बसतो.

पण इतके यकृत काढल्यावर उरलेल्या भागाचे नेमके काय बिघडते? केवळ पेशी कमी पडतात, एवढेच उत्तर पुरेसे नाही. माणसाच्या यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहते आणि त्यातील तीन-चतुर्थांश आतड्यांकडून व प्लीहेकडून पोर्टल शिरेवाटे येते. यकृत कापले म्हणून आतडी आपले रक्त कमी करत नाहीत. सत्तर टक्के भाग गेला, की तोच प्रवाह तीस टक्क्यांत शिरतो आणि प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला तिपटीहून अधिक रक्त येते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर त्याचे जे घर्षण होते, त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि पेशींना विभागण्याचा इशारा मिळतो. नव्वद टक्के काढल्यावर मात्र हेच घर्षण अस्तर सोलून काढते. भरीस भर म्हणजे पोर्टल प्रवाह वाढला, की धमनीला सैल ठेवणारे तेथील अ‍ॅडेनोसिन वाहून जाते, यकृत-धमनी आकुंचन पावते आणि प्राणवायूने समृद्ध रक्त नेमके गरजेच्या वेळी आटते. शिवाय उंदरात यकृतपेशींची डीएनए-निर्मिती चोवीस तासांच्या सुमारास शिगेला पोहोचते, तर अस्तराच्या पेशी त्यानंतर दोन-तीन दिवसांनी जोर धरतात. मधल्या काळात नव्या पेशींचे पुंजके रक्तवाहिन्यांविनाच राहतात.

डुकराच्या यकृताचे आकारमान माणसाच्या जवळ जाते, म्हणून प्रवाह कमी करण्याचे उपाय त्याच्यावर तपासले गेले. पोर्टल शिरेतील काही रक्त बाजूच्या मार्गाने महाशिरेत वळवल्यास अधिक डुकरे जगतात. मात्र फार वळवले, तर विभाजनाचा इशाराच मंदावतो.

प्रयोगशाळेतील प्राणी बहुधा तरुण आणि निरोगी असतात. रुग्णाच्या यकृतात मात्र चरबी, सिरॉसिस (यकृत व्रणमय होऊन घट्ट होणे) किंवा केमोथेरपीच्या खुणा असतात, म्हणून किती भाग मागे ठेवायचा हे यकृताच्या स्थितीवर ठरते: निरोगी यकृताचा वीस-पंचवीस टक्के भाग मागे ठेवणे पुरेसे ठरते, तर सिरॉसिसमध्ये सुमारे चाळीस टक्के ठेवावा लागतो. कधी क्रम उलटाही होतो: आधी यकृत विभागून एका बाजूची पोर्टल शीर बांधायची आणि दुसरी बाजू वाढल्यावर पहिली काढायची, ही दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया जर्मनीतील शल्यविशारदांनी २०१२ साली प्रसिद्ध केली, आणि तिचे उंदरांवरील प्रारूप त्यानंतर तयार झाले.