हा आवाज माझा नाही!

मागच्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत माझं भाषण झालं. विषय होता ‘पाऊस कसा मोजतात’. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, आभार, सगळं यथासांग झालं आणि आठवड्याभराने संयोजकांनी व्हॉट्सअॅपवर रेकॉर्डिंग पाठवलं. मी पोळ्या लाटत होते. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, चालू केला आणि दहाव्या सेकंदाला पिठाच्याच हाताने बंद केला. हा चिरका, नाकातला आवाज कुणाचा? मला तर माझा आवाज चांगला भारदस्त वाटायचा. सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुझाच आहे की. रोज असाच येतो.”

त्या खरं बोलत होत्या. आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक वाट हवेची. तोंडातून निघालेल्या लहरी फिरून आपल्याच कानात शिरतात. दुसरी हाडांची. घशातल्या स्वरतंतूंची थरथर कवटीच्या हाडांमधून थेट आतल्या कानापर्यंत पोचते, आणि या वाटेने खर्जातले स्वर जास्त जोरकस येतात. त्यामुळे स्वतःला आपण नेहमीच जरा जाडसर, घुमारदार ऐकू येतो. समोरच्याला मिळते ती फक्त हवेची वाट. खात्री करून घ्यायची तर दोन्ही कानांत बोटं घालून चार वाक्यं बोला. आवाज एकदम घुमायला लागेल. स्वतःबद्दलचा आपला समज बराचसा त्या घुमण्यावर उभा आहे.

हे मी इतकं लांबवून सांगते आहे, कारण सभेत बोलणाऱ्याची आणि घरी बसून लिहिणाऱ्याची मूळ अडचण मला एकच दिसते. माल आतून तयार होतो आणि गिऱ्हाईक बाहेर बसलेलं असतं. आतून जसं वाटतं तसंच बाहेर पोचत असेल असं आपण गृहीत धरतो, आणि हा अंदाज ठरावीक ठिकाणी ठरावीक दिशेने चुकतो. ठरावीक दिशेने चुकतो, हीच त्यातली सोय. त्या मानाने बंदोबस्त करता येतो.

भीतीचंच घ्या. सूत्रसंचालक आपला परिचय वाचत असतो आणि इकडे तोंड कोरडं पडतं, तळहात गार होतात, छातीत धडधड चालू होते. शरीराला संकटाची वर्दी गेलेली असते. अॅड्रेनॅलिन हे संप्रेरक वाढतं, त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, लाळ आटते. आपल्याला ती धडधड इतकी मोठी वाटते, की पहिल्या रांगेतल्या माणसालाही ऐकू जात असणार. ती जात नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस गिलोविच आणि त्यांचे सहकारी केनेथ सॅवित्स्की यांनी २००३ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बोलणाऱ्याला आपण जितके घाबरलेले दिसलो असं वाटतं, त्याहून ऐकणाऱ्याला तो बराच कमी घाबरलेला दिसतो. त्यांनी पुढे आणखी एक गोष्ट केली. भाषण करणाऱ्यांचे तीन गट केले. एका गटाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला ‘घाबरू नका, असं सगळ्यांनाच होतं’ असा धीर दिला. तिसऱ्याला फक्त माहिती दिली, की तुमची घबराट लोकांना तुम्हाला वाटते तितकी दिसत नसते. तिसऱ्या गटाची भाषणं सरस झाली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्या मतेही. धीर दिलेल्यांना त्या धीराचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून व्यासपीठावरून ‘मला बोलायची सवय नाही, सांभाळून घ्या’ अशी सुरुवात करू नये. लोकांना जे दिसतच नव्हतं ते आपण बोट करून दाखवतो. धडधड शांत करायच्या फंदातही फार पडू नये. अमेरिकेतल्याच हार्वर्ड विद्यापीठाच्या अॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह आलाय’ असं म्हणणारे चांगलं बोलतात. दोन्ही अवस्थांत छाती सारखीच धडधडत असते, त्यामुळे भीतीवर उत्साहाची पाटी लावणं सोपं जातं. भीतीवर शांततेची लावायला गेलं तर शरीर ती मानत नाही. एवढं मात्र करता येतं: श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते, हे मनगटावर बोट ठेवून कुणालाही तपासता येईल. तेव्हा परिचय चालू असताना श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. शेजारी बसलेल्या अध्यक्षांना पत्ताही लागत नाही.

आता सभागृह. इथेही वक्त्याला ऐकू येतं एक आणि शेवटच्या रांगेला दुसरंच. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. तिच्या व्याख्यान-सभागृहात बोललेलं कुणाला काही कळेना. एक शब्द विरायच्या आत पुढचे दहा त्याच्यावर येऊन आदळायचे. दोष शोधायचं काम वॉलेस सेबाइन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याच्याकडे हत्यारं काय, तर ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं यंत्र आणि स्वतःचे कान. दिवसाच्या गोंगाटात मोजमाप जमत नसे, म्हणून तो रात्री काम करी. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून सभागृहात मांडायच्या, नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या परत. रिकाम्या सभागृहात आवाज साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळत होता. जितक्या गाद्या वाढतील तितका तो वेळ कमी होई. या हमालीतून सूत्र निघालं: जागेचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज जास्त घुमतो, आणि आवाज शोषून घेणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका कमी. माणूसही आवाज शोषतो. कपडे घातलेला श्रोता ही चांगली गादीच म्हणायची.

आपल्याकडची मंगल कार्यालयं आठवा. खाली चकचकीत फरशी, वर पत्रा, तिन्ही बाजूंना काचा. गादी म्हणून काही असेल तर माणसंच, आणि ती कार्यक्रम सुरू होऊन अर्धा तास झाला तरी वाटेत असतात. अशा ठिकाणी आवाज चढवला तर घुमणंही त्याच प्रमाणात चढतं. उपाय उलटा आहे. सावकाश बोलायचं आणि वाक्य संपलं की थांबायचं, आधीचा आवाज विरू द्यायचा. रिकाम्या हॉलमध्ये तालीम करून ‘बापरे, किती घुमतंय’ म्हणत घाबरून जाण्याचं कारण नाही. लोक आल्यावर तोच हॉल पुष्कळ शहाणा होतो.

माइकच्या बाबतीत माझा गुरू म्हणजे एक साउंडवाला. नाव सांगत नाही, पण तीस वर्षं गणेशोत्सवाच्या मांडवात काढलेला माणूस. त्याचं म्हणणं, “मॅडम, वक्ते दोन चुका करतात. माइक लांब धरतात आणि मग ओरडतात.” दोन्ही चुकांमागे विज्ञान आहे. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की ध्वनीचा दाब निम्मा होतो, म्हणजे आवाज मोजायच्या एककात, डेसिबलमध्ये, सहाची घट. तोंडाजवळ हा हिशोब फार झटपट बिघडतो. माइक चार बोटांवर होता आणि आठ बोटांवर गेला, तर खुर्चीवरच्या माणसाला वक्ता खोल विहिरीतून बोलतोय असं वाटतं. मग साउंडवाला आवाज वाढवतो आणि कर्ण्यातला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते. काही जण माइकचं जाळीचं डोकं मुठीत धरतात. त्या जाळीआडून मागच्या बाजूने आत जायला ठेवलेल्या वाटांमुळेच माइकला समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी ऐकू येत असतो. ती झाकली की त्याला सगळीकडचं ऐकू यायला लागतं आणि शिट्टी ठरलेली. ओरडण्याबद्दल सांगायचं तर, आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच कान-घसा डॉक्टरांनी १९११ मध्ये ही गोष्ट नोंदवली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पंखे, पोरं, बाहेरची वरात यांवर मात करायला आपण घसा ताणतो, आणि ताणतोय हे आपल्याला कळतही नाही. ते काम माइकचं आहे, त्याला करू द्यावं.

घशाबद्दल थोडं बोलून पुढे जाते, कारण या विषयावर घरोघरी तज्ज्ञ आहेत. खडीसाखर, ज्येष्ठमध, मधाचं चाटण जरूर घ्या, लाळ सुटते, बरं वाटतं. पण गिळलेला कोणताही पदार्थ स्वरतंतूंना लागत नाही. ते श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात आणि गिळताना ती वाट बंद होते. घोटभर पाणीसुद्धा तिथे थेट पोचत नाही. ते शरीरभर फिरून मग तंतूंना ओलावा देतं. म्हणून सहाच्या भाषणाचं पाणी सकाळपासून प्यायला हवं. स्त्रियांचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषांचे शंभर-सव्वाशे वेळा. जोरात खाकरलं की ते आणखी जोरात आपटतात. खाकरल्यावर ‘मोकळं वाटलं’ हेही आतलंच मत.

मला सगळ्यात जास्त शिकवलेला प्रयोग आवाजाचा नाहीच. १९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी एक खेळ मांडला. एकाने सर्वांना माहीत असलेलं गाणं मनात म्हणायचं आणि टेबलावर बोटाने त्याचा ठेका वाजवायचा. दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३.

मी हा खेळ घरी केला. जेवणाच्या टेबलावर गणपतीची आरती वाजवली. भाद्रपदात दहा दिवस जी ऐकतो, तीच. माझ्या डोक्यात झांजा होत्या, टाळ्या होत्या, मोठ्या काकांचा बेसूर वरचा सा होता. भाचा म्हणाला, “मावशी, दार वाजवतेयस का?” त्याच्या कानावर खरोखर तेवढंच पडत होतं.

माहितीचं असंच होतं. ‘पाऊस कसा मोजतात’ या भाषणात मी ‘पंचवीस मिलिमीटर पाऊस’ असं सहा वेळा म्हटलं होतं. माझ्या डोक्यात ते चित्र स्पष्ट होतं: सपाट गच्चीवर पाणी अडवलं, वाहू दिलं नाही, मुरू दिलं नाही, तर इंचभर उंच साचेल इतका पाऊस. भाषणानंतर एका आजोबांनी विचारलं, “पंचवीस मिलिमीटर लांबीचा थेंब कसा असेल हो?” चूक त्यांची नव्हती. मी टेबल वाजवत होते. आता मी म्हणते, एक चौरस मीटर फरशीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. दुधाच्या दोन पिशव्या ओतून हाताने पसरल्यासारखं. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला, तर अडीच हजार लिटर. हे सांगितलं की सभेत आपोआप कुजबुज होते, लोक आपापली टाकी मोजायला लागतात.

अर्थशास्त्रज्ञ याला १९८९ पासून ‘ज्ञानाचा शाप’ म्हणतात. जे एकदा कळलं ते न कळल्याचं सोंग मनाला वठवता येत नाही, त्यामुळे ‘श्रोत्यांच्या जागी जाऊन विचार करा’ हा सल्ला मला कुचकामी वाटतो. तिथे जाताच येत नाही. श्रोता खरोखर आणून बसवावा लागतो. माझा मसुदा मी विषयाशी संबंध नसलेल्या एका मैत्रिणीला वाचून दाखवते आणि तिला एकच विचारते, “मी काय म्हटलं ते तू सांग.” ‘कळलं का?’ असं कधीच विचारत नाही. त्याला सगळे हो म्हणतात.

स्वतःचं लिखाण तपासतानाही हेच आडवं येतं. वाचताना डोळे ओळीवरून सरळ घरंगळत जात नाहीत. ते उड्या मारतात, प्रत्येक थांब्यावर सेकंदाचा चौथा हिस्सा टेकतात, आणि मधलं बरंचसं मेंदू अंदाजाने भरून काढतो. दुसऱ्याचं लिखाण असेल तर अंदाज कच्चा असतो. आपलंच असेल तर मेंदूला सगळं पाठ असतं, तो कागदावरचं सोडून मनातलं वाचतो. एकदा आरोग्यावरच्या लेखात फोनच्या कळफलकाने ‘रक्तदाब’चं ‘रक्तदान’ केलं. मी तो लेख चार वेळा तपासला आणि पाठवला. ‘वयाच्या चाळिशीनंतर वाढलेलं रक्तदान दुर्लक्षून चालणार नाही.’ संपादकांचा फोन आला तेव्हा ते हसत होते, ही माझ्या सुदैवाची गोष्ट. तेव्हापासून शेवटची तपासणी मी अक्षराचा आकार-वळण बदलून, मोठ्याने वाचत करते. पान परकं दिसलं की मेंदूला पुन्हा वाचावं लागतं.

राहिला वेळ. मुक्त लेखन करणाऱ्याला रोज विचारला जाणारा प्रश्न, “कधी देताय?” डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलं, की स्वतःच्या कामाचा अंदाज माणूस हटकून कमी बांधतो. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं बिघडत गेलं तर? ४८.६. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे त्यांची वाईटात वाईट कल्पनासुद्धा आशावादी निघाली. गंमत म्हणजे दुसऱ्याच्या कामाचा अंदाज बांधताना माणूस असा भाबडा राहत नाही. दुसऱ्याचं आपण बाहेरून बघतो, त्याने मागच्या वेळी काय केलं ते आपल्या लक्षात असतं. स्वतःचं काम मात्र मनातल्या वेळापत्रकातून बघतो, आणि त्यात वीज जात नाही, पाहुणे येत नाहीत, पोराला ताप येत नाही.

मी एक वही केली आहे. चार रकाने: काम, कबूल केलेले दिवस, लागलेले दिवस, मानधन जमा झाल्याची तारीख. पहिल्या वर्षानंतर बेरीज केली तर माझा गुणक एक पूर्णांक सहा निघाला, म्हणजे त्या कॅनडातल्या पोरांच्या जवळपास. आता कुणी विचारलं की मनात येतो तो आकडा मी वहीवरून दीडपटीहून जरा जास्त करते आणि मग तोंड उघडते. तिसरा रकाना हल्ली दुसऱ्याशी बऱ्यापैकी जुळतो. चौथा मी अजून पेन्सिलीने भरते.